दोन मिनिटांचं काम म्हणे

"मोटरच्या मागचा बारका स्क्रू फिरवायचा, दोन मिनिटांचं काम आहे" असं यापुढे कॅसेट डेकच्या स्पीडबद्दल जो कोणी बोलेल ना, त्याच्या हातात मी तोच स्क्रूड्रायव्हर देणारे आणि बस म्हणणारे समोर. माझे तीन रविवार गेलेत. तीन!

झालं काय, डेकचा बेल्ट वितळून पार डांबर झालेला, जुन्या बेल्टांचं हेच होतं, काळा चिकट लगदा, दोन दिवस नखातून निघत नाही. तो खरवडला, नवीन घातला, आणि कॅसेट लावली तर गाणारी बाई एकदम शाळकरी पोरगी. नवा बेल्ट जरा जाड आहे, मोटरच्या इवल्याशा पुलीवर जाड बेल्ट म्हणजे पुलीच मोठी झाल्यासारखं, मग कॅप्स्टन, म्हणजे टेप ओढणारी बारकी फिरती दांडी, जोरात पळणारच. ठीक आहे, करू सेट म्हटलं. इथेच चुकलं माझं.

पहिला महान सल्ला: फोनवरून ३००० हर्ट्झचा टोन डेकवर रेकॉर्ड करा, तीच कॅसेट वाजवा, हर्ट्झ मोजणाऱ्या मीटरवर ३००० येईपर्यंत स्क्रू फिरवा. अरे बाबांनो!! डेक रेकॉर्ड करताना जेवढा फास्ट तेवढाच वाजवताना फास्ट, मग ३०००च येणार ना, डेक गोगलगायीसारखा चालला तरी ३०००च येणार. चोरालाच विचारायचं तू चोरी केलीस का. आणि खोटं कशाला बोलू, मी केलं हे. ३००० आले, मी खूश, स्क्रूला हात न लावता झाकण बंद केलं, चहा केला, कॅसेट लावली. शाळकरी पोरगी हजर.

मग पैसे घालून टेस्ट टेप मागवली, म्हणजे बरोबर स्पीडला टोन भरलेली तयार कॅसेट. वरती लेबल काय, तर "स्पीड टेस्ट टोन". बस. किती हर्ट्झचा टोन ते लिहायला शाई संपली होती बहुतेक. आता यात दोन पद्धती चालतात, काही टेपवर ३००० असतो आणि काहींवर ३१५०, आणि यांतला फरक ५ टक्क्यांचा आहे, म्हणजे लिहिलं नसेल तर ती टेप आणि कोरी टेप यात मला तरी काही फरक दिसत नाही. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, "स्टँडर्ड टोन आहे मॅडम". वा! मी ३००० धरून चालले.

आता त्या स्क्रूबद्दल. तो मोटरच्या डबीच्या मागे एका भोकात आत आहे, आणि त्या भोकासमोर बरोबर सर्किट बोर्ड आडवा येतो, म्हणजे दिसत काहीच नाही, आंधळी कोशिंबीर. लोखंडी स्क्रूड्रायव्हर आत कशाला तरी टेकला आणि मोटर अशी काही सुसाट सुटली की माझ्या हातातून सगळंच पडलं, शेवटी टूथब्रशची दांडी घासून घासून तिला टोक काढलं. त्यात स्क्रू केसभर हलवला की आकडा ४० हर्ट्झ उडी मारतो, आणि उडी मारून तरी एका जागी थांबेल तर शपथ, २९९१, ३००८, २९९६, नाचतोय आपला. पिंच रोलर, म्हणजे टेप कॅप्स्टनवर दाबून धरणारं रबरी चाक, पुसा, मग जरा कमी नाचतो. डेक आधी पंधरा मिनिटं चालवून गरम करा, नाहीतर थंड मोटरवर सेट केलेलं सगळं नंतर सरकतं. हे "दोन मिनिटं"वाल्यांनी सांगितलं का? नाही.

तर दोन तास घालवून ३००० वर आणलं, आणि आता गाणारी बाई आजारी. काळी एकचं गाणं जवळजवळ पांढरी एकवर येऊन बसलंय. अर्ध्या तासाची बाजू साडेएकतीस मिनिटं चालली, घड्याळ लावून बसले होते मी.

डोकंच फिरलं, म्हटलं कुणाच्या टोनवर विश्वासच नको, पट्टी आणि घड्याळ. कॅसेटचा स्पीड सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली तेव्हापासून हाच. मग एका भंगार कॅसेटवर टोन भरला, कसला का असेना, त्या टेपचा बरोबर ४ मीटर ७६ सेंटिमीटरचा तुकडा कापला आणि दोन्ही टोकांना कोरी टेप चिकटवली. टोन सुरू ते टोन बंद, १०० सेकंद यायला पाहिजेत. साधं गणित. (साधं म्हणजे, पावणेपाच मीटर टेप फरशीवर अंथरलेली असताना कुणीतरी पंखा लावला. त्यावर मी बोलणार नाही.)

आले १०५.

म्हणजे टेप ३१५०चीच होती, आणि मी ती ३००० धरून डेक ४.७६ टक्के स्लो करून ठेवलेला. हो, ४.७६. स्पीडचाच आकडा. मशीनसुद्धा चेष्टा करतंय माझी.

परत उघडलं, परत टूथब्रश, ३१५० वर आणलं, तुकडा वाजवला, १००. दोनदा बघितलं, १००. सगळे स्क्रू लावले, एक उरला, उरू दे. कॅसेट लावली, सुरात, खरंच अगदी सुरात, मी डोळे मिटून ऐकत बसले, बाजू संपली, खट्ट झालं, ऑटो रिव्हर्सने दुसरी बाजू सुरू केली.

उलट्या बाजूला वेगळा कॅप्स्टन आहे याच्यात. टेस्ट टेप त्या बाजूने लावली. ३१७१.