पत्र्याला पांढरा रंग द्या, चकाकीच्या भरवशावर राहू नका

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की आमच्या विदर्भात कूलर, त्याचं गवत, पाण्याचा पंप याचीच चर्चा, डोक्यावरच्या पत्र्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. आणि माझं ठाम मत आहे की घर तापतं ते मुळात तिथूनच.

लोक म्हणतात पत्रा नवीन आहे, चकचकीत आहे, ऊन परत फेकतो, मग रंगाचा खर्च कशाला? हे अर्धंच खरं आहे हो. चकचकीत धातू बरंचसं ऊन परतवतो, मान्य, पण जेवढं शोषतो तेवढं बाहेर सोडायला तो महाकंजूस. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम काळ्या रंगाच्या जेमतेम दहावा हिस्सा उष्णता सोडतं, म्हणून दुपारी हात लावला तर चटका बसतो. जस्ताचा पत्रा तर दोन-चार पावसाळ्यांत करडा पडतो, मग ऊनही जास्त पितो.

शाळेत आपल्याला शिकवतात काळा रंग जास्त शोषतो आणि जास्त सोडतो, त्यामुळे बहुतेकांचा समज असा की पांढरा रंग उष्णता सोडतच नसेल. तसं नाही! तापलेला पत्रा उष्णता सोडतो ती डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांत, साधारण 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) तरंगलांबीच्या आसपास, आणि तिथे पांढरा पेंट काळ्यासारखाच वागतो. 1804 च्या सुमारास जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञाने धातूच्या चौकोनी डब्यात गरम पाणी भरून हेच पाहिलं होतं. काजळी फासलेली बाजू आणि पांढरा कागद चिकटवलेली बाजू जवळजवळ सारखीच उष्णता फेकत होत्या, मागे पडली ती चकचकीत बाजू.

म्हणजे पांढरा रंग दिवसा ऊन परतवतो आणि शोषलेलं थोडंफार रात्री मोकळ्या आकाशाकडे सोडूनही देतो, दोन्हीकडून फायदा. हिवाळ्यात घर जरा गार पडेल, पण आपल्याकडे थंडी असते किती दिवस?

तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफ, म्हणजे ऊन परतवणाऱ्या थंड छतांचं, धोरण आणलं, मग आपल्याकडे पत्र्याच्या अंगणवाड्या आणि झेडपी शाळांपासून सुरुवात करायला काय हरकत आहे? लहान लेकरं दुपारी त्या पत्र्याखाली बसतात, याचा मला खरंच त्रास होतो. ग्रामपंचायतीत विषय काढा, मार्चच्या आत रंग मारून घ्या, आणि दरवर्षी उन्हाळ्याआधी छत धुवून काढा कारण धूळ बसली की पांढरा रंगही ऊन शोषायला लागतो.