डेनिस लॉच्या टाचेने मँचेस्टर युनायटेड खाली गेले नाही

जानेवारी 2025 मध्ये स्कॉटलंडचा फुटबॉलपटू डेनिस लॉ याचे निधन झाल्यापासून फुटबॉलप्रेमींच्या गटांतून एक मजकूर सतत फिरतो आहे. त्याचा सारांश असा: मँचेस्टर युनायटेडने ज्याला हाकलून दिले, त्या लॉने 1974 साली मँचेस्टर सिटीकडून खेळताना युनायटेडच्याच मैदानावर टाचेने गोल मारला, त्या एका गोलने युनायटेडला इतिहासात प्रथमच खालच्या श्रेणीत ढकलले, असा त्याने आपला सूड पुरा केला आणि त्यानंतर फुटबॉलला पुन्हा कधी पाय लावला नाही. जुन्या सामन्यांच्या आठवणी निघाल्या की ही गोष्ट हमखास सांगितली जाते, ऐकणारे हळहळतात आणि पुढच्या गटात पाठवून देतात. मीही कॉलेजात असताना ती अशीच ऐकली आणि बरीच वर्षे खरी मानली. या मजकुरात गोल, टाच आणि मैदान एवढेच खरे आहे. बाकीचा जवळजवळ प्रत्येक दावा चुकीचा आहे, आणि त्यातून एका मोठ्या खेळाडूवर अन्याय होतो, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत महत्त्वाचा दावा गोलमुळे झालेल्या पदावनतीचा आहे आणि तो साध्या बेरजेने खोडता येतो. हा सामना 27 एप्रिल 1974 रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर, म्हणजे युनायटेडच्या मैदानावर झाला. विजयाला तेव्हा तीन नव्हे, दोन गुण मिळत. इंग्लिश लीगच्या पहिल्या श्रेणीत 22 संघ होते आणि त्याच हंगामापासून तळाचे दोनऐवजी तीन संघ खाली पाठवण्याचा नियम लागू झाला होता, म्हणजे वाचायचे तर एकोणिसावा क्रमांक तरी गाठणे भाग होते. त्या सकाळी युनायटेडचे 40 सामन्यांत 32 गुण होते आणि दोन सामने शिल्लक होते, एक घरच्या मैदानावर सिटीशी आणि दुसरा बाहेर स्टोक सिटीशी. दोन्ही जिंकले असते तरी गुण 36 च्या पुढे जाणार नव्हते. बर्मिंगहॅम सिटीचे 35 गुण होते आणि त्याच दुपारी त्यांचा शेवटचा सामना नॉरिच सिटीशी होता. तो बर्मिंगहॅमने 2-1 असा जिंकला आणि त्यांचे 37 गुण झाले. वेस्ट हॅमही 37 गुणांवर थांबला. बर्मिंगहॅमचा विजय पक्का झाला त्या क्षणी युनायटेडची पदावनती निश्चित झाली, मग ओल्ड ट्रॅफर्डवर काहीही घडले असते तरी.

यावर एक हरकत घेतली जाते आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. बर्मिंगहॅम जिंकला हे नंतरचे झाले, तो हरला असता तर लॉच्या गोलनेच घात केला असता, असे काही जण म्हणतात. मी एकदा त्या हंगामाचा अंतिम गुणतक्ता वहीत उतरवून घेतला आणि ही शक्यताही मांडून पाहिली. लॉचा गोल वगळला तर सामना 0-0 असा बरोबरीत सुटतो, युनायटेडचे 33 गुण होतात आणि स्टोकला हरवले तर 35. पण त्याच दिवशी साउदॅम्प्टनने एव्हर्टनला त्यांच्याच मैदानावर 3-0 असे हरवून 36 गुण गाठले होते. म्हणजे बर्मिंगहॅम हरला असता तर एकोणिसाव्या जागी साउदॅम्प्टन बसला असता, युनायटेड नव्हे. युनायटेडला वाचायचे तर सिटीविरुद्ध गोल न खाणे पुरेसे नव्हते. सिटीला हरवायचे होते, दोन दिवसांनी स्टोकलाही हरवायचे होते आणि बर्मिंगहॅमने गुण गमवायला हवे होते. प्रत्यक्षात स्टोकमध्येही युनायटेड 1-0 असे हरले, आणि त्या सामन्यात लॉ नव्हता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली म्हणतात, तशीही ही गोष्ट नाही, कारण फांदी महिनोन् महिने कुजत आली होती.

त्या कुजण्याबद्दल हा मजकूर एक अक्षर बोलत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. 29 मे 1968 रोजी वेम्ब्लीवर बेन्फिकाला 4-1 असे हरवून युरोपियन कप जिंकणारा संघ सहा वर्षांत तळाला कसा गेला, हा प्रश्न युनायटेडच्या चाहत्याने स्वतःला विचारलाच पाहिजे. बॉबी चार्लटन 1973 मध्ये युनायटेडमधून निवृत्त झाला. जॉर्ज बेस्ट 1 जानेवारी 1974 रोजी क्वीन्स पार्क रेंजर्सविरुद्ध 3-0 अशा पराभवात युनायटेडकडून शेवटचा खेळला, तेव्हा तो अवघा 27 वर्षांचा होता. लॉला तर आधीच सोडून दिले होते. मॅट बस्बी यांच्यानंतर प्रशिक्षक बदलत गेले आणि डिसेंबर 1972 मध्ये टॉमी डॉकर्टी आले. या उलथापालथीत संघाचे काय झाले हे अंतिम तक्त्याच्या दोन रकान्यांत दिसते. युनायटेडने 42 सामन्यांत 48 गोल खाल्ले, आणि हा आकडा तळाच्या संघाला शोभणारा नाही. ज्या बर्मिंगहॅमने त्यांना मागे टाकले त्यांनी 64 खाल्ले होते. पण युनायटेडने मारलेले गोल होते फक्त 38, आणि त्यांच्याहून कमी गोल केवळ नॉरिचचे होते, 37. सॅमी मॅक्इलरॉयने लीगमध्ये सहा गोल मारले आणि तो संघातला सर्वाधिक गोल करणारा ठरला.

या हंगामातली एक गोष्ट मला लॉच्या टाचेपेक्षा कितीतरी बोलकी वाटते. गोलरक्षक अ‍ॅलेक्स स्टेपनी याला त्या वर्षी पेनल्टी घेण्याचे काम दिले होते. मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन त्याने दोन पेनल्टी मारल्या, आणि नाताळ आला तेव्हा तो संघाच्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने बसला होता. त्यातली एक पेनल्टी ऑक्टोबर 1973 मध्ये बर्मिंगहॅमविरुद्ध होती आणि युनायटेडने तो सामना 1-0 असा जिंकला. ज्या संघाचे गोल गोलरक्षकाला मारावे लागतात, त्याच्या घसरणीचे खापर प्रतिस्पर्ध्याच्या एका गोलवर फोडणे मला पटत नाही. वसंतात संघाने उचल खाल्ली होती हेही मान्य केले पाहिजे. पण 20 एप्रिलला, ज्यांच्याशी खरी चढाओढ होती त्या साउदॅम्प्टनशी 1-1 अशी बरोबरी झाली आणि 23 एप्रिलला एव्हर्टनने 1-0 असे हरवले. या आठवड्यात निसटलेले गुण कोणालाच आठवत नाहीत.

नव्या नियमामुळे युनायटेड बळी गेले, असेही अधूनमधून कोणी जोडून देतो. ते एकविसाव्या क्रमांकावर होते, जुन्या नियमानेही खालीच गेले असते. नवा नियम भोवला तो विसाव्या क्रमांकावरच्या साउदॅम्प्टनला, ज्यांच्या मिक चॅननने त्या हंगामात पहिल्या श्रेणीत सर्वाधिक 21 गोल केले होते.

आता सुडाचा मुद्दा घेऊ. लॉला युनायटेडने 1973 च्या उन्हाळ्यात कोणतेही शुल्क न घेता मोकळे केले हे खरे आहे, आणि ज्या पद्धतीने केले त्याचे त्याला दुःख होते हेही खरे आहे. पण सिटी हा काही रागाच्या भरात निवडलेला शत्रूचा तळ नव्हता. 1960 साली हडर्सफील्डकडून 55,000 पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला, त्याला विकत घेणारा क्लब सिटीच होता. तिथून तो इटलीत तोरिनोला गेला आणि 1962 मध्ये 1,15,000 पौंडांना युनायटेडमध्ये आला. चौतिसाव्या वर्षी गुडघ्याने जेरीस आलेला खेळाडू घर न बदलता त्याच शहरातल्या आपल्या जुन्या क्लबकडे परतला, यात मला कट दिसत नाही.

आणि सूड उगवणारा माणूस कसा दिसतो हे पाहायचे असेल, तर त्या गोलचे चित्रण पुन्हा एकदा नीट पाहावे. एक्याऐंशीवे मिनिट चालू आहे. फ्रान्सिस लीकडून चेंडू गोलसमोरच्या गर्दीत येतो. लॉची पाठ गोलकडे आहे, वळायला जागा नाही, आणि आयुष्यभराच्या सवयीने त्याची टाच मागे जाते. चेंडू स्टेपनीला ओलांडून जाळ्यात जातो. युनायटेडच्या प्रेक्षकांना लॉची गोल झाल्यानंतरची खूण पाठ होती, सदऱ्याची बाही मुठीत धरून उंचावलेला एक हात. त्या दिवशी हात वर गेलाच नाही. सिटीचे खेळाडू येऊन त्याच्या पाठीवर थापा मारत आहेत, डोक्यावरून हात फिरवत आहेत, आणि हा खाली मान घालून चालतो आहे. लगेच त्याच्या जागी बदली खेळाडू आला. त्या शनिवार-रविवारइतके उदास आपल्याला क्वचितच वाटले, असे तो नंतर सांगत असे. पन्नास वर्षे हा प्रश्न त्याचा पाठलाग करत राहिला, आणि पाठलाग करणाऱ्यांत आपण चाहतेच पुढे होतो.

इतिहासात प्रथमच पदावनती हा दावा तर फार वेळ घेण्याजोगाही नाही. न्यूटन हीथ या जुन्या नावाने खेळत असताना हा क्लब 1894 मध्ये खाली गेला होता, त्यानंतर 1922, 1931 आणि 1937 मध्येही. 1938 मध्ये वर आल्यापासून 36 वर्षे तो पहिल्या श्रेणीत टिकून होता, एवढेच म्हणता येईल. 1974 च्या पदावनतीनंतरही त्याने पुढच्याच हंगामात दुसरी श्रेणी जिंकून परतीची वाट धरली.

लॉ कोण होता हे विसरून त्याला एका गोलपुरता उरवणे मला सर्वांत जास्त लागते. युनायटेडकडून 404 सामन्यांत 237 गोल. 1963-64 च्या एकाच हंगामात सर्व स्पर्धा मिळून 46, आणि तो क्लबचा विक्रम आजही अबाधित आहे. 1963 च्या एफए कप अंतिम सामन्यात लेस्टरविरुद्ध 3-1 अशा विजयात पहिला गोल त्याचा. 1964 मध्ये युरोपातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ऑर. 1964-65 च्या विजेतेपदात लीगमधले 28 गोल, 1966-67 च्या विजेतेपदात 23. 1968 ची ती वेम्ब्लीची रात्र त्याने गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे रुग्णालयाच्या खाटेवरून पाहिली. ओल्ड ट्रॅफर्डच्या स्ट्रेटफर्ड एंड या बाजूला बसणाऱ्या प्रेक्षकांनी त्याला राजा म्हटले, आणि स्टेडियमबाहेर बेस्ट व चार्लटन यांच्या शेजारी त्याचा पुतळा आहे. ज्याने फसवले त्याचा पुतळा कोणी आपल्या दारात उभा करत नाही. जुन्या खेळाडूंची आठवण काढायला बसलो असता यातले काहीही न सांगता टाचेचीच गोष्ट सांगायची असेल, तर तिच्यासोबत बर्मिंगहॅम 2, नॉरिच 1 हा निकालही सांगितला पाहिजे.

शेवटचा दावा असा, की त्या स्पर्शानंतर लॉने चेंडूला पाय लावला नाही. लीगमधला तो त्याचा अखेरचा सामना ठरला हे बरोबर आहे. पण 14 जून 1974 रोजी पश्चिम जर्मनीतल्या डॉर्टमुंडमध्ये, विश्वचषक स्पर्धेत झाइरविरुद्ध तो स्कॉटलंडकडून खेळला आणि स्कॉटलंडने तो सामना 2-0 असा जिंकला. हा त्याचा पंचावन्नावा आंतरराष्ट्रीय सामना होता, आणि देशासाठी त्याचे 30 गोल झाले होते. निवृत्ती त्याने ऑगस्टमध्ये जाहीर केली.

ओल्ड ट्रॅफर्डचा तो सामना पूर्ण झालाच नव्हता, ही गोष्ट मात्र या मजकुरातून नेमकी गळली आहे. गोलनंतर प्रेक्षक मैदानात घुसले, बस्बी यांनी ध्वनिक्षेपकावरून विनंती करूनही गर्दी हटेना, आणि नव्वद मिनिटे भरायच्या आत पंचांनी खेळ थांबवला. लीगने 1-0 हा निकाल कायम ठेवला. लॉच्या कारकिर्दीत अपुरा राहिलेला असा आणखी एक सामना आहे. 28 जानेवारी 1961 रोजी एफए कपमध्ये सिटीकडून लूटन टाउनविरुद्ध खेळताना त्याने एकट्याने सहा गोल मारले होते आणि सिटी 6-2 असे पुढे होते, तेवढ्यात पावसाने मैदान चिखलात बुडाले आणि एकोणसत्तराव्या मिनिटाला सामना रद्द झाला. ते सहाही गोल नोंदीतून पुसले गेले. सामना पुन्हा खेळवला गेला तेव्हा लॉने पुन्हा एक गोल मारला, पण सिटी 3-1 असे हरले.