नियम क्रमांक चार

विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट यंदापासून गिटहबवर, म्हणजे 'गिट' या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या, कोड साठवायच्या वेबसाइटवर ठेवायचे, असं नवी मुंबईतल्या आमच्या कॉलेजात ठरलं. नियमावली कोण लिहिणार, असा प्रश्न निघाला तेव्हा माझ्या तोंडात वडापाव होता. नाही म्हणायला उशीर झाला.

ठाणे-वाशी लोकलच्या चार फेऱ्यांत मी ती पाडली. कॉलेजच्या ईमेलनेच खातं काढा, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू ठेवा, १०० एमबीच्या वरची फाइल ढकलू नका (गिटहब घेतही नाही), वगैरे. चौथा नियम मात्र ठळक अक्षरांत : मोबाइल नंबर, पासवर्ड, मार्क यांतलं काहीही चढवू नये. विभागप्रमुख मॅडमनी एकच सुधारणा सुचवली, "पासवर्डची रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी." ती मी ऐकूच आली नाही असं दाखवलं.

मग नमुन्याची रिपॉझिटरी, म्हणजे गिटहबवरचं प्रोजेक्टचं फोल्डर, मीच करायची ठरली. पुश करायला, म्हणजे फाइली वर चढवायला गेलो तर पासवर्ड नामंजूर. १३ ऑगस्ट २०२१ पासून तिथे पासवर्ड चालत नाही, त्याऐवजी टोकन नावाचा लांबलचक कोड लागतो. दवाखान्यात निदान १७ नंबर असं सुटसुटीत टोकन देतात. हे ४० अक्षरांचं, आणि एकदाच दर्शन देणारं. कॉपी करण्याऐवजी मी ते लाइट बिलाच्या मागे उतरवून घेतलं. त्यातलं सातवं अक्षर शून्य की ओ, यात माझी रविवार दुपार गेली.

अखेर 'गिट ॲड' लिहून पुढे एक टिंब दिलं. टिंबाचा अर्थ, फोल्डरमधलं होतं नव्हतं ते सगळं घे. घेतलं. इंटर्नलच्या मार्कांच्या तक्त्याची फाइल (सीएसव्ही)सुद्धा. रिपॉझिटरी पब्लिक.

सोमवारी रबाळ्याला फोन वाजला. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाची पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल मर्ज करा, तुमच्या फाइलीत मिसळून घ्या' अशी विनंती. जुन्या, लाल ओळीत त्याचे ११ मार्क, खाली नव्या, हिरव्या ओळीत १४. शेरा : 'बेरजेतली चूक दुरुस्त केली.'

मी घाईघाईने फाइल डिलीट केली. लॅब असिस्टंट म्हणाली, "सर, हिस्टरीत आहे ना ती." लिनस तोरवाल्ड्सने २००५ साली गिट लिहिलं ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामासाठी, कोणी कधी काय बदललं, सगळं त्याच्या लक्षात राहतं. आमच्या आत्याकडे ही सोय त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. "प्रायव्हेट करू का?" मी विचारलं. "करा, पण त्या मुलाने फोर्क केलंय. त्याच्याकडची प्रत उघडीच राहणार."

कपाटातून त्याचा पेपर काढला. चार, पाच आणि पाच. बोटांवर मोजले, मग फोनवर. चौदाच.

मुलाला बोलावून घेतलं. नियमावलीची प्रत टेबलावरच होती, ती मी हळूच पालथी केली. "हे बघ, तुझा तो फोर्क आजच्या आज उडवून टाक."

"हो सर," तो अतिशय नम्रपणे म्हणाला. "फक्त, आधी तुम्ही मर्ज करताय, की आधी मी डिलीट करू?"