मैदा म्हणजे गहू थोडाच!

इंदुरात सकाळी पोह्यांबरोबर जिलबी, दुपारी दाल-बाफले, रात्री सोन्याचांदीची दुकानं मिटली की सराफ्यात कचोरी. आणि मला सीलिअॅक. गव्हातलं ग्लूटेन पोटात गेलं की लहान आतड्याचं अस्तर सोलवटतं. औषध नाही, गहू, रवा, मैदा आयुष्यभर बंद. उरले पोहे. तेही जिरावण हा इंदुरी मसाला न भुरभुरता, कारण त्यातला हिंग बांधानी, म्हणजे पीठ मिसळलेला निघाला तर ते पीठ गव्हाचं असू शकतं. पोह्यांवर जिरावण नाही, हे दुःख इंदूरबाहेरच्यांना नाही कळायचं.

परवा मामाच्या साठीला सगळे हॉटेलात गेलो. मी वेटरला ग्लूटेनचं विचारलं.

"नहीं मैडम, अपने यहाँ ऐसा कुछ नहीं डालते. सब शुद्ध है."

अजिनोमोटोचा भाऊ समजला बहुतेक. मी सरळ विचारलं, "इस टिक्की में गेहूँ है?"

"बिल्कुल नहीं. मैदा है."

मामी म्हणाली, "अगं, एवढ्याशानं काय होतंय?" ग्लूटेन-फ्री म्हणवणाऱ्या पदार्थाला आपल्याकडे किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, हे मी सांगेपर्यंत मामीने तीच टिक्की मोडून अर्धी माझ्या ताटात ठेवलीसुद्धा. पोळ्या लाटता लाटता तिच्या बांगड्यांवर बसतं, तेवढं पीठसुद्धा मला पुरतं. पण वाढदिवसाच्या दिवशी आतड्यांवर व्याख्यान कोण देणार?

मग मला सुचलं. वेटरला हाक मारली आणि हळूच म्हटलं, "भिया, मेरा व्रत है."

काय जादू! त्याचा चेहरा पालटला. गल्ल्यावरून मालक उठून आले. वेगळी कढई, नवं तेल, धुतलेला झारा. "उधर कचोरी वाला हाथ मत लगाना रे!" अशी आत आरोळी. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून चार वर्षांत जे जमलं नव्हतं, ते एका उपासाने दोन मिनिटांत केलं. वाफाळती साबुदाण्याची खिचडी आली. मी डोळे मिटून खाल्ली.

तेवढ्यात मामासाठी भात आला. साधा, पांढरा, मोकळा. गव्हाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. मी डाव उचलला, तोच वेटरने अदबीने वाडगा बाजूला सरकवला.

"मैडम, व्रत में चावल? आज तो मैं नहीं खाने दूँगा."

मामा खिचडीकडे बघत म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. खा मुकाट्याने."