जेलकोट झिजतो हे खरे, पण किती?

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिचा रोखही स्पष्ट आहे, म्हणून उत्तर थोडे लांबणार. आपले म्हणणे मला असे समजले: फायबरग्लासच्या बोटीची निस्तेज पडलेली बाजू कंपाउंडने, म्हणजे बारीक घासकणांच्या पेस्टने, घासून पुन्हा चकचकीत करण्याची जी रीत मी लेखात दिली, तिच्यामुळे जेलकोट, म्हणजे बोटीचा सर्वांत बाहेरचा रंगीत थर, दर वेळी झिजतो आणि काही वर्षांनी आतले काचतंतू उघडे पडतील, त्यापेक्षा चांगले वॅक्स हाताने चोळले किंवा ॲक्रिलिकचे पारदर्शक लेप दिले, तर तीच चमक निम्म्या श्रमात मिळते, आणि नवख्या माणसाच्या हाती पॉलिश करायचे रोटरी मशीन देणे बेजबाबदारपणाचे आहे. रोटरीबद्दलचे आपले म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते. झिजेचा मुद्दा खरा आहे, पण त्याचे माप चुकले आहे. वॅक्सबद्दल मात्र मी आपल्याशी मुळीच सहमत नाही, आणि सुरुवात तिथूनच करतो, कारण बाकीचा वाद त्यावरच उभा आहे.

जेलकोट म्हणजे रंगद्रव्य मिसळलेल्या पॉलिएस्टर रेझिनचा थर. उन्हातले अतिनील किरण या रेझिनच्या साखळ्या तोडतात, हवेतला प्राणवायू त्या तुटलेल्या टोकांशी संयोग पावतो आणि अगदी वरच्या पापुद्र्यातले रेझिन हळूहळू नाहीसे होते. त्याने धरून ठेवलेले रंगद्रव्य सुटे होते. पृष्ठभागावरून हाताचे बोट फिरवले की त्याला लागते ती भुकटी हीच. उरलेला पृष्ठभाग सूक्ष्म खाचखळग्यांनी भरतो, त्यावर पडणारा प्रकाश एका दिशेने परतण्याऐवजी चहूकडे विखुरतो, आणि आपल्याला रंग फिका, पांढुरका दिसतो. खालच्या थरातला रंग बहुधा शाबूत असतो, तो फक्त झाकला गेलेला असतो.

अशा पृष्ठभागावर वॅक्स चोळले की खळगे तेलामेणाने भरतात, प्रकाशाचे विखुरणे कमी होते आणि रंग उठून दिसतो. मात्र साध्या पाण्यानेही नेमके हेच होते. निस्तेज बाजूवर ओला कपडा फिरवा, ओल आहे तोवर मूळ रंग परत आलेला दिसेल आणि वाळताच तो पुन्हा पांढुरका होईल. वॅक्स तेच काम काही आठवडे करते, इतकाच फरक. शिवाय ते सुट्या भुकटीवर बसलेले असते, घट्ट जेलकोटवर नव्हे, म्हणून धुताना भुकटीबरोबर तेही निघून जाते. आपण स्वतःच लिहिले आहे की आपल्या गडद निळ्या बोटीला हंगामात दोनदा वॅक्स करूनही ती महिन्याभरात फिकट दिसू लागते. त्यात वॅक्सचा दोष नाही. ते ज्यावर लावले जाते, तो थरच टिकाऊ राहिलेला नाही.

आता झिजेकडे येतो. नव्या बोटीचा जेलकोट साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे सुमारे ५०० मायक्रॉन जाड असतो. कुठे थोडा कमी, कुठे जास्त. मोटारीच्या रंगावरचा पारदर्शक थर ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, तोही लोक पॉलिश करतात, आणि जेलकोटच्या मानाने तो फारच पातळ आहे. चांगल्या कंपाउंडचा एक हात फिरवल्याने निघतात ते मोजके मायक्रॉन, आणि त्यांतलाही मोठा वाटा आधीच निकामी झालेल्या थराचा असतो. वॉटर पेपरने, म्हणजे पाण्याबरोबर वापरायच्या घासकागदाने, घासले तर जास्त निघते, हे उघड आहे. पी हा पेपरचा क्रमांक, तो जितका मोठा तितका पेपर बारीक: पी १००० च्या कणाचा सरासरी आकार सुमारे १८ मायक्रॉन असतो, पी ६०० चा सुमारे २६. ओरखड्याची खोली कणाच्या आकाराहून कमीच असते, पण तो ओरखडा पुसण्यासाठी तेवढी खोली सगळीकडून उतरवावी लागते. म्हणूनच मी लेखात म्हटले होते की कंपाउंडने काम होत असेल तर पेपर हातात घेऊच नये, आणि घ्यावाच लागला तर शक्य तितक्या बारीक पेपरपासून सुरुवात करावी. लोक उलट करतात: घाई म्हणून जाड पेपरने सुरुवात करतात आणि मग त्याचेच ओरखडे काढत बसतात.

दरवर्षी कंपाउंड करणे चूक आहे, हे आपले म्हणणे मात्र शंभर टक्के बरोबर. मी तसे सुचवलेले नाही, पण लेखात हे ठळकपणे आले असते तर बरे झाले असते, असे आपली प्रतिक्रिया वाचून वाटले. कंपाउंड हे मुळात औषध आहे, रोजचे जेवण नव्हे. एकदा निकामी थर उतरवून खालचा घट्ट जेलकोट उघडा केला, बारीक पॉलिशने कंपाउंडचे ओरखडे काढले आणि त्यावर वॅक्स किंवा पॉलिमर सीलंट (वॅक्ससारखाच कृत्रिम संरक्षक लेप) बसवले, की पुढची वर्षे गोड्या पाण्याने धुणे, सौम्य साबण वापरणे आणि वॅक्स वेळच्या वेळी पुन्हा देणे एवढेच उरते. पाण्याचे थेंब पूर्वीसारखे गोल न राहता पसरू लागले, की वॅक्सची वेळ झाली असे समजावे. अर्थात वॅक्स ऊन पूर्णपणे अडवत नाही. उभ्या बोटीवर ताडपत्री असेल, तर तिच्याइतके रक्षण कोणत्याही बाटलीतून मिळत नाही.

काही बोटींना तर कंपाउंड लावूच नये. ज्या बोटीवर जेलकोटऐवजी दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग मारलेला आहे, तिला कंपाउंडचा हात लावण्याआधी त्या रंगाच्या उत्पादकाच्या सूचना वाचाव्यात. अशा बऱ्याच रंगांची चमक वरच्या रेझिनयुक्त पापुद्र्यात असते आणि तो घासला गेला की रंग पूर्वीपेक्षा लवकर मलूल पडतो. पूर्वी अनेकदा घासली गेलेली जुनी बोट असेल आणि कुठे खालच्या थराची छटा डोकावत असेल, तर तिथेही थांबावे. तिथे इलाज नव्या जेलकोटचा किंवा रंगाचा आहे.

रोटरीबद्दल. रोटरीचे पॅड एकाच जागी गोल फिरते, त्यामुळे कापते झटपट आणि तापतेही झटपट. कडा, कोपरे आणि उंचवटे येथे मुळातच थर पातळ असू शकतो, आणि तिथे पॅडचा सगळा दाब एका रेषेवर येतो. जेलकोट फाटतो तो बहुतेक वेळा इथेच. म्हणून कडांवर मास्किंग टेप लावावी आणि टेप काढल्यावर तेवढी पट्टी हाताने करावी. ड्युअल ॲक्शन मशीनचे पॅड फिरता फिरता डोलते, म्हणून उष्णता कमी आणि चूक सावरायला वेळ जास्त. पहिल्यांदाच करणाऱ्याने तेच घ्यावे, यावर आपले एकमत आहे. पण खूप भुकटी धरलेल्या मोठ्या बोटीवर ते फार सावकाश चालते, आणि कंटाळलेला माणूस मग मशीनवर जोर देऊ लागतो, जे रोटरीइतकेच वाईट. रोटरीच वापरायची असेल तर लोकरीचे पॅड, मिनिटाला हजार-दीड हजार फेऱ्यांपलीकडे न जाणे, मशीन सतत हलते ठेवणे आणि मध्ये मध्ये तळव्याने पृष्ठभाग चाचपणे, एवढी शिस्त हवी. हाताला ऊबदार लागले तर चालेल. चटका बसला तर थांबावे. काम सावलीत करावे हे सांगायलाच नको, तरी लोक भर उन्हात कंपाउंड वाळवून बसतात.

ॲक्रिलिक लेपांना मी टाकाऊ म्हणत नाही. ज्याला बोट विकण्यापूर्वी एक हंगाम बरी दिसायला हवी आहे, त्याच्यासाठी ते सोयीचे आहेत. पण ते अनेक पातळ थरांत द्यावे लागतात, कालांतराने पिवळसर पडतात किंवा पापुद्रे धरतात, आणि मग ते रसायनाने खरवडून काढण्याचे काम कंपाउंडपेक्षा किचकट होते.

आपल्या निळ्या बोटीसाठी माझी सूचना अशी. मागच्या बाजूला, जलरेषेच्या वर, सहज नजरेत न येणारी हातभर जागा निवडा. ती साबणाने धुवा आणि जुने वॅक्स विद्रावकाने पुसून काढा, नाहीतर पॅड त्यातच लडबडत राहील. मग मध्यम कंपाउंड, त्यानंतर फोमच्या पॅडवर बारीक पॉलिश. वॅक्स लावण्यापूर्वी ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तिरप्या उजेडात पाहा; अनेक कंपाउंडांतल्या तेलाने ओरखडे लपतात आणि गडद रंगावर ते नंतर गोल जाळ्यासारखे उमटतात. अल्कोहोलने पुसल्यावरही तिथे प्रतिबिंब स्वच्छ दिसत असेल, तर आपल्या बोटीला वॉटर पेपरची गरज नाही. पांढुरकेपणा तसाच राहिला तर पी १५०० पाण्याबरोबर, तेवढ्याच जागेत, हलक्या हाताने फिरवून पाहा, आणि बाकीच्या बोटीला हात लावायचा की नाही हे त्या हातभर जागेवरून ठरवा.