क्रेट पहाटेच का फुटतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

क्रेट पहाटेच का फुटतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) आणि एचडीपीई (उच्च घनतेचं पॉलिथिलीन) ही दोन प्लास्टिकं एकमेकांत मुरतच नाहीत, मग रिसायकल क्रेटच्या ब्लेंडवर, म्हणजे त्यांच्या मिश्रणावर, ताणण्याचा वेग आणि ताकद जोडणाऱ्या आयरिंगच्या समीकरणाची एकच सरळ रेष कशी ओढली, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा असा, की कुपवाड एमआयडीसीत २३ अंशाला, मिनिटाला ५० मिलिमीटर वेगाने टेस्ट होते, माल पास होतो. मग ही गणितं कुणासाठी?

पहिला आक्षेप मान्य आहे, चूक माझीच. आयरिंगने १९३६ साली मांडलेली कल्पना साधी आहे. प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्यांना सरकायला एक अडथळा ओलांडावा लागतो. त्याला उष्णता हातभार लावते आणि ताण तो अडथळा उतरवतो. म्हणून ताणण्याचा वेग दसपट केला की यील्डचा ताण, म्हणजे ज्या ताणाला प्लास्टिक कायमचं लांबायला लागतं तो, एकेक पायरी चढतो. ॲक्टिव्हेशन व्हॉल्यूम (एका उडीत सरकणाऱ्या भागाचं आकारमान) ३ घन नॅनोमीटर धरलं, तर २७ अंशाला ही पायरी साधारण ३.२ मेगापास्कलची येते. पण पीपीचं काचेसारखं कडक होण्याचं तापमान शून्य अंशाच्या आसपास आहे. गारठा वाढला किंवा वेग फार वाढला की पीपीच्या साखळ्यांचं दुसरं अडखळणं सुरू होतं, रेष मोडते आणि चढ उभा होतो. एचडीपीईचं तेच तापमान उणे १०० च्याही खाली, त्यामुळे ते इथे पीपीसोबत कडक होत नाही. री आणि आयरिंग यांनी १९५५ साली दोन-तीन प्रक्रियांची बेरीज मांडली होती, ती मी घ्यायला हवी होती. मोजलेल्या वेगांच्या पलीकडे ओढलेली रेष मी लेखातून काढली आहे.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. ५० मिलिमीटर गेज लांबीवर (नमुन्याचा मोजला जाणारा भाग) तुमच्या टेस्टचा वेग म्हणजे सेकंदाला जेमतेम १.७ टक्के लांबीवाढ. जानेवारीच्या पहाटे तासगावच्या बागेत द्राक्षाने भरलेला क्रेट हातातून निसटतो, तेव्हा त्याचा कोपरा काही मिलिसेकंदांत ताणला जातो. वेग शेकडो पट, आणि वर गारठा. तोच क्रेट एप्रिलच्या दुपारी आपटला तर नुसता चेपतो. पास झालेल्या त्या एका आकड्यातून शेतकऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

यूटीएमवर, म्हणजे नमुना ताणून तपासायच्या यंत्रावर, मी हे रोज बघतो. मिनिटाला ५ मिलिमीटरला डंबेल (मध्ये बारीक असलेली नमुना पट्टी) आधी कमरेशी पांढरा पडतो, मग मान बारीक होते आणि ती बारीक मान सावकाश ग्रिपकडे सरकत जाते. ५०० ला पट्टी तुटल्या तुटल्या टोकाला बोट लावा, ऊब लागते. ताणण्यात खर्ची पडलेल्या कामाची उष्णता बाहेर जायला वेळच मिळत नाही. म्हणजे चेंबर २३ दाखवत असला तरी मानेतलं तापमान २३ नसतं. यील्डनंतरचा वेगवान भाग मॉडेलमध्ये घालताना हे धरावंच लागतं.

तुटेपर्यंत किती लांबेल, हे मी या समीकरणातून काढत नाही, काढणारही नाही. ते दोन प्लास्टिकमधल्या सांध्यावर आणि मिक्सिंगवर ठरतं. तिथे तुमचा अनुभव माझ्या गणितापेक्षा मोठा आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या चालू बॅचचे डंबेल पाठवाल का? १०, २३ आणि ४० अंश, प्रत्येकी तीन वेग, दरवेळी पाच नमुने, असे ४५ लागतील. सगळे आकडे, माझ्या मॉडेलला न जुळणारे धरून, इथेच टाकेन.