लाभांशावर जगणारा शेजारी

घर सोडायचं कारण घरातच असतं. आमच्याकडे ते बाथरूम आहे: एकच, आणि सकाळी उमेदवार पाच. पीटर रॉसी या समाजशास्त्रज्ञानं १९५५ साली फिलाडेल्फियातल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही हेच निघालं. कुटुंबाचा आकार बदलतो, जागा पुरेनाशी होते आणि माणसं बिऱ्हाड हलवतात. इथवर आमचं एकमत आहे. भांडण आहे ते जायचं कुठं, यावर.

बाबांना जवळ बाग हवी. झाडांसाठी नव्हे, बाकासाठी. आणि त्या बाकावर वाद घालायला तयार बसलेल्या समवयस्कांसाठी. आईला दवाखाना हाकेच्या अंतरावर हवा, पण अँब्युलन्सचा भोंगा ऐकू येता कामा नये. मुलीला शाळा कुठलीही चालेल, मैत्रीण त्याच गल्लीत हवी. बायकोला शेजार हवा, अडीअडचणीला धावून येणारा आणि एरवी न डोकावणारा. असे शेजारी असतात हो, पण त्यांच्या बाजूचं घर कधी रिकामंच होत नाही.

एजंटाकडे सगळ्यांना एकच उत्तर: ‘दहा मिनिटांवर.’ कोणाच्या पायांनी, हे विचारायचं नसतं. भाव सांगताना मात्र शाळा थेट दाराशी येते. यात त्याचा एकट्याचा दोष नाही. अर्थशास्त्रज्ञ वॉलेस ओट्स यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या गावांचे आकडे मांडून दाखवलं, की शाळांवर जास्त खर्च होतो तिथं घरं महाग, आणि मालमत्ता कर जास्त तिथं स्वस्त. थोडक्यात, शाळा फुकट असली तरी तिची फी गृहकर्जाच्या हप्त्यात दडलेली असते.

आमच्या या कटकटीवर चार्ल्स टीबू या अर्थशास्त्रज्ञानं १९५६ सालीच एक सुबक सिद्धांत मांडून ठेवलाय. कर, शाळा, बागा, रस्ते पाहून माणूस गिऱ्हाइकासारखं गाव निवडतो. गृहीतकं एवढीच, की त्याला कुठंही जाता येतं, निवडायला गावं भरपूर आहेत, प्रत्येक गावाची त्याला पूर्ण माहिती आहे आणि तो लाभांशावर जगत असल्यानं नोकरीचा प्रश्नच नाही.

मी हे मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. बायको म्हणाली, “म्हणजे दिवसभर घरी बसलेला आणि सगळ्यांची सगळी माहिती असलेला माणूस? तो कुठं राहतो ते आधी विचारा. तिथं घर बघायचं नाही.”